भाषेची डिग्री आहे आणि स्पीच थेरपिस्ट व्हायचंय? सुरुवात कुठून करायची, ते सविस्तर

साडेचार वर्षांचा मुलगा, समोर टेबलावर चित्रांची कार्डं, आणि मी क्लिनिकमध्ये शिकाऊ म्हणून आलेली, चौथाच दिवस. त्यानं गाडीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाला. सुपरवायझर मॅडमनी मला विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, कार. त्या म्हणाल्या, त्याला काय म्हणायचं होतं ते मला माहितीये, तो म्हणाला काय ते सांग. कार्ड परत दाखवलं, तो परत बोलला, आणि तेव्हा मला ऐकू आलं: तार. मग गाय दाखवली तर दाय, खिडकी दाखवली तर थिडती, घर दाखवलं तर धर. मी कागदावर एकाखाली एक लिहीत गेले आणि पाचव्या-सहाव्या शब्दाला लख्ख दिसलं की हा वाट्टेल तसं बोलत नाहीये, हा कवर्गाच्या जागी तवर्ग घालतोय. क चा त, ख चा थ, ग चा द, घ चा ध. म्हणजे घोष-अघोष (स्वरतंतू थरथरतात की नाही) बरोबर, अल्पप्राण-महाप्राण (हवेचा झोत कमी की जास्त) बरोबर, फक्त जीभ मागे उचलायच्या ऐवजी पुढे दाताला टेकतेय. चार वेगवेगळ्या चुका नव्हत्याच, एकच नियम होता.

हे मला शरीरशास्त्राच्या पुस्तकानं नाही दाखवलं, ते बी.ए.ला ध्वनिविज्ञानाच्या तासाला शिकलेलं होतं, जे तेव्हा परीक्षेपुरतं वाटलं होतं. म्हणून कोणी विचारलं की भाषेची डिग्री घेतलेल्याला स्पीच थेरपीत जाता येतं का, तर मी मनापासून हो म्हणते. पण लगेच पुढचंही सांगते, की नुसत्या डिग्रीवर नाही. मध्ये एक क्लिनिकल कोर्स करावाच लागतो, आणि त्या कोर्सचं दार प्रत्येक देशात वेगळ्या ठिकाणी आहे, काही ठिकाणी तर भाषावाल्यांसाठी ते बंदच आहे. हे आधी कळलं तर पुढची दोन-तीन वर्षं वाया जात नाहीत, म्हणून सगळं क्रमानं लिहितेय.

पायरी १: काम नक्की काय असतं ते बघून घ्या

भाषा आवडते म्हणून इकडे वळणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक एकच चित्र असतं, लहान मूल, उच्चार आणि खेळणी. ते आहेच. पण त्याच्या शेजारी तोतरेपणा आहे, जो मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला असतो. उशिरा बोलणारी मुलं आहेत, ऑटिझम असलेली मुलं आहेत ज्यांना कधीकधी बोलण्याऐवजी चित्रं किंवा टॅब्लेट वापरून संवाद शिकवायचा असतो. डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर आहे, म्हणजे ऐकू नीट येतं, बाकी कुठलं ठळक कारण दिसत नाही पण भाषा पकडायला मुलाला फार कष्ट पडतात, आणि याचं प्रमाण साधारण ७ टक्के आहे, तीस मुलांच्या वर्गात दोन, तरी याचं नावसुद्धा बहुतेक पालकांनी ऐकलेलं नसतं. मोठ्यांमध्ये स्ट्रोकनंतरचा अफेजिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे बोलणं, शब्द सापडणं किंवा समजणं बिघडणं, साधारण तीनातल्या एका पेशंटला होतो. पार्किन्सन्समुळे बारीक झालेला आवाज, शिक्षकांचे आणि गायकांचे बसलेले आवाज, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकलेली माणसं.

आणि गिळणं. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण भाषेकडून येणाऱ्यांना सगळ्यात मोठा धक्का इथं बसतो. हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्टचा बराचसा दिवस बोलण्यावर नाही तर गिळण्यावर जातो. ज्या रस्त्यानं श्वास जातो त्याच्या अगदी शेजारून घास जातो, आणि मेंदूला मार बसला की ती वेळ साधायची यंत्रणा बिघडते, पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, त्यातून न्यूमोनिया होतो आणि माणूस दगावू शकतो. मग थेरपिस्ट पलंगाशेजारी बसून एकेक घोट देऊन बघते, गरज वाटली तर एक्सरेखाली गिळणं चालू असतानाच बघतात, त्याला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात, आणि मग पेशंटनं किती पातळ किंवा किती घट्ट खायचं ते ठरतं. त्यासाठी ० ते ७ असे आठ टप्पे जगभर वापरतात, नाव आयडीडीएसआय. कफ, लाळ, सक्शन मशीनचा आवाज, हे सगळं त्यात येतं. तुम्हाला हे झेपेल की नाही ते घरी बसून कळत नाही, एकदा उभं राहून बघावं लागतं.

म्हणून पहिलं काम, निदान दोन वेगळ्या ठिकाणी ऑब्झर्वेशन मिळवा, एक मुलांचं आणि एक मोठ्यांचं. पेशंटच्या गोपनीयतेमुळे सगळीकडे होकार मिळत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जिथं आत बसू देत नाहीत तिथं थेरपिस्टशी अर्धा तास बोलायला मिळालं तरी चालतं, फक्त प्रश्न नेमके न्या. तुमच्या आठवड्यातला किती वेळ रिपोर्ट लिहिण्यात जातो, हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर ऐकून बरेच जण विचारात पडतात.

पायरी २: तुमच्यासाठी दार कुठं आहे ते शोधा

इथं घाई करू नका, कारण इथली चूक महागात पडते.

ब्रिटनमध्ये या कामाला स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट म्हणतात आणि हे नाव कायद्यानं राखलेलं आहे, आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या एचसीपीसी या संस्थेकडे नोंद असल्याशिवाय ते लावता येत नाही. तिथं भाषेच्या डिग्रीवाल्यांसाठी सरळ रस्ता आहे, साधारण दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स, ज्यातून थेट नोंदणीची पात्रता मिळते. भाषाविज्ञान, परकीय भाषा, मानसशास्त्र अशा डिग्र्या बरीच विद्यापीठं धरतात, पण प्रत्येकाची यादी वेगळी, त्यामुळे पान उघडून शब्दन् शब्द वाचा. बाहेरून येणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, इंग्रजी मातृभाषा नसेल तर नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ८ आणि कुठल्याही भागात ७.५ च्या खाली नाही, एवढी अट आहे. बऱ्याच आरोग्य व्यवसायांसाठी ७ वर भागतं, इथं नाही, आणि ते रास्तच आहे कारण इथं कामाचं हत्यारच भाषा आहे.

अमेरिकेत नाव स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट. तिथं मास्टर्स लागतंच. बॅचलर्स दुसऱ्या विषयात असेल तर आधी लेव्हलिंग कोर्स करावे लागतात, म्हणजे ध्वनिविज्ञान, बोलण्या-ऐकण्याच्या अवयवांचं शरीरशास्त्र, मुलांचा भाषाविकास, ऑडिऑलॉजीची, म्हणजे श्रवणशास्त्राची, ओळख असे पाया भरून काढणारे विषय. शिवाय १९२५ साली सुरू झालेली आशा ही तिथली व्यावसायिक संस्था जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायन, सामाजिक शास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे क्रेडिट मागते. प्रशिक्षणात ४०० तास क्लिनिकल काम, त्यातले २५ ऑब्झर्वेशनचे, मग प्रॅक्सिस नावाची परीक्षा, आणि नंतर निदान ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली काम. राज्याचं लायसन्स वेगळं. तुम्ही भाषाविज्ञान केलं असेल तर लेव्हलिंगमधले एक-दोन विषय माफ होऊ शकतात, त्यासाठी जुना सिलॅबस जपून ठेवलेला असला पाहिजे, हे नंतर शोधत बसण्यापेक्षा आजच शोधा.

ऑस्ट्रेलियात पदवीनंतरचे दोन वर्षांचे मास्टर्स आहेत, मान्यता स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलिया ही संस्था देते. कुठल्याही शाखेची पदवी चालवणारी विद्यापीठं तिथं सापडतात, पण आधी काही विषय झालेले असावेत अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

भारतात मात्र गणित वेगळं आहे. इथं मुख्य रस्ता बीएएसएलपी, म्हणजे ऑडिऑलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि प्रवेशाला बारावी सायन्स. पुढच्या मास्टर्सला परत बीएएसएलपीच लागतं. म्हणजे मराठी, इंग्रजी, जर्मन, भाषाविज्ञान यातलं बी.ए., एम.ए. कितीही चांगल्या मार्कांनी केलेलं असलं तरी त्यावर थेट मास्टर्सला बसता येत नाही. १९९२ च्या कायद्यानं आलेली रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया नोंदणी करते, आणि नोंदणी नसताना प्रॅक्टिस करणं गुन्हा आहे. कोणी तीन महिन्यांचं सर्टिफिकेट दाखवून थेरपिस्ट बना म्हणत असेल तर तिथून उठून या. बारावी सायन्स करून नंतर भाषेकडे गेलेल्यांना बीएएसएलपीचा पर्याय बघता येतो, म्हैसूरची १९६५ सालची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईतली १९८३ ची अली यावर जंग संस्था ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. बारावी आर्ट्सवाल्यांना इथं राहून थेरपिस्ट होणं अवघड आहे, ते लपवून काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

पायरी ३: डिग्रीत काय काय कमावलंय ते कागदावर काढा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, आणि बहुतेक जण हीच टाळतात, कारण त्यांना वाटतं आपण नुसत्या कविता आणि व्याकरण केलंय.

ध्वनिविज्ञान केलंय? मग आयपीए येत असेल, म्हणजे उच्चार जसा कानावर पडला तसा चिन्हांत लिहिणं. क्लिनिकमध्ये ते रोज लागतं. वरच्या मुलाचंच घ्या, त्याच्यासाठी आम्ही जोड्या काढल्या, कार-तार, गार-दार, गोरी-दोरी, एकाच ध्वनीनं अर्थ बदलणाऱ्या. भाषाविज्ञानात याला लघुतम युग्म म्हणतात आणि थेरपीत याच जोड्यांवर एक आख्खी पद्धत उभी आहे. मूल 'तार' म्हणालं की तुम्ही तारेचंच कार्ड हातात द्यायचं. त्याला हवी असते गाडी. तो वैतागतो, परत म्हणतो, तुम्ही परत तारेचंच देता, आणि कधीतरी त्याच्या लक्षात येतं की आपल्या तोंडून निघतंय ते वेगळं आहे. तो क्षण बघायला मिळाला की त्या डिग्रीचे सगळे तास वसूल होतात. बहुतेक मुलांचा हा क-त चा गोंधळ साडेतीन-चारपर्यंत आपोआप जातो, म्हणून कुठल्या वयाला थांबून बघायचं आणि कुठल्या वयाला काम सुरू करायचं हेही कळावं लागतं.

वाक्यविचार आणि रूपविचार केलाय? डेव्हिड क्रिस्टल, पॉल फ्लेचर आणि मायकेल गार्मन या भाषावैज्ञानिकांनी १९७६ मध्ये लार्स्प नावाचा तक्ता मांडला, मूल बोलतं ती वाक्यं मोडून कुठल्या टप्प्यावरची रचना येते, कुठली येत नाही हे एका पानावर दिसतं, आणि आज तो कितीतरी भाषांसाठी बेतून घेतलाय. म्हणजे थेरपीची ही हत्यारं मुळात भाषावाल्यांनीच घडवली आहेत, तेव्हा आपण पाहुणे म्हणून चाललोय असं वाटून घ्यायचं कारण नाही.

मराठीत हे काम किती खोल जातं बघा. छोटं मूल 'बाबा जाला' म्हणतं, 'मी करलं' म्हणतं. आजूबाजूचे हसतात, पण ती प्रगती आहे, पोरानं भूतकाळाचा नियम पकडलाय आणि तो सगळीकडे लावून बघतंय, 'गेला' आणि 'केलं' हे अपवाद मागून येतील. याउलट सात वर्षांचं मूल अजून 'घोडाला' म्हणत असेल, 'घोड्याला' येतच नसेल, 'तो मुलगी' 'ती मुलगा' होत असेल, तर तिथं थांबून नीट बघायला हवं. आता हे इंग्रजीवरून बेतलेल्या टेस्टमध्ये सापडणार कसं? इंग्रजीत सामान्यरूपच नाही, नामांना आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत. त्या टेस्टमधलं वाक्य मराठीत उतरवलं तरी ती मराठीची टेस्ट होत नाही. ही गोष्ट व्याकरण शिकलेल्याला पटकन दिसते.

दुसरी भाषा शिकलाय? मग दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांसाठी तुमची किंमत फार मोठी आहे. नियम असा की मूल ज्या ज्या भाषा बोलतं त्या सगळ्यांत तपासायचं. अडचण फक्त शाळेच्या नव्या भाषेत असेल तर मूल ती भाषा अजून शिकतंय, एवढंच. घरच्या भाषेतही तीच अडचण असेल तर डिसऑर्डरचा विचार करायचा. आणि दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, म्हणून घरची भाषा बंद करा, हा सल्ला अजूनही दिला जातो, तो चूक आहे, त्याला आधार नाही. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, नातवाशी आपल्या भाषेत बोलायचं नाही म्हणून कोणीतरी सांगितलेलं, दुसरी भाषा त्यांना येत नव्हती, तर त्या वर्षभर नातवाशी जवळजवळ बोलल्याच नव्हत्या. मला तो दिवस विसरता येत नाही.

फक्त साहित्य घेऊन डिग्री केली असेल तरी हात रिकामे नाहीत. गोष्ट कशी रचली जाते, कोण कोणाला काय सांगतोय, काय न सांगता सुचवतोय, हे वाचायची सवय मुलांचं गोष्ट सांगणं तपासताना आणि अफेजियाच्या पेशंटचं बोलणं समजून घेताना उपयोगी पडते. पण ध्वनिविज्ञान आणि भाषाविज्ञानाचा एक तरी औपचारिक कोर्स जोडून घ्या, त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही.

पायरी ४: जे नाहीये ते भरून काढा

शरीर. भाषावाल्यांचा अशक्त विषय हाच. मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्या नसा आहेत, त्यातल्या ५, ७, ९, १०, १२ या बोलण्या-गिळण्याशी इतक्या जोडलेल्या आहेत की त्यांची नावं झोपेतही आली पाहिजेत. पाठांतर करू नका, स्वतःवर करून बघा. आरशासमोर जीभ बाहेर काढा, ती बारावी. गाल फुगवा, सातवी. दात आवळा आणि जबड्यावर बोटं ठेवा, टणक होतो तो स्नायू पाचवीवर चालतो. आता गळ्यावर हात ठेवून मागचा 'अ' न लावता नुसतं 'स्स्स' आणि मग 'ग' म्हणा, ग ला जी थरथर लागते ती स्वरतंतूंची, पुरुषांत सेकंदाला शंभरेक वेळा आणि बायकांत दोनशेच्या आसपास, आणि त्यांना हलवणारे स्नायू दहाव्या नसेवर चालतात. घोष-अघोष तुम्हाला आधीपासून माहितीच आहे, आता फक्त त्याच्या मागचं मांस आणि नस कळली.

मेंदूचं सुरुवातीपुरतं एवढं वाचा. १८६१ मध्ये पॉल ब्रोकानं एक पेशंट मांडला, ज्याला समजायचं बरंच पण तोंडून फक्त 'टॅन' एवढंच निघायचं, आणि १८७४ मध्ये कार्ल वेर्निकेनं उलट प्रकार मांडला, बोलणं धो-धो पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं कळतही नाही. आजचं चित्र यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे, तरी शिकायला इथूनच सुरुवात करतात.

संख्याशास्त्राला घाबरू नका. रिपोर्टमध्ये बऱ्याच टेस्टचा सरासरी स्कोअर १०० आणि प्रमाण विचलन (स्कोअर सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) १५ असतं, म्हणजे ८५ आणि ७० या आकड्यांचा अर्थ पालकांना त्यांच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. मानसशास्त्रातला बालविकासाचा एक कोर्स केलात तर फारच उत्तम. हे सगळं नोकरी सांभाळून वर्षभरात होतं.

पायरी ५: अनुभव, आणि त्याची वही

विशेष शाळेत मदतनीस, स्ट्रोकमधून बरे होणाऱ्यांचे गट, ऐकू कमी येणाऱ्या मुलांची केंद्रं, बालवाडी, वृद्धाश्रम. ब्रिटन-अमेरिकेत थेरपी असिस्टंट म्हणून पगारी नोकऱ्याही असतात आणि कोर्सच्या आधी एक वर्ष तिथं घालवलेल्यांचा अर्ज उठून दिसतो. दुभाषाचं काम येत असेल तर तेही धरा.

पण नुसते तास भरून काही होत नाही. रोज घरी आल्यावर वहीत एकच प्रसंग लिहा, समोरचा काय बोलला (शब्दशः), तुम्ही काय केलं, काय झालं, पुढच्या वेळी काय वेगळं कराल. नाव, गाव, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. सहा महिन्यांनी ही वही हातात असेल तर अर्ज लिहायला दोन संध्याकाळी पुरतात.

पायरी ६: अर्ज आणि मुलाखत

'मला लहानपणापासून भाषांची आवड आहे आणि लोकांना मदत करायला आवडतं.' हे वाक्य खरं असेल, पण ते प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी असं लिहा: 'स्ट्रोकच्या गटात एका गृहस्थांना वस्तूंची नावं आठवत नव्हती, पण वाक्याची सुरुवात करून दिली की शेवटचा शब्द यायचा. मनोभाषाविज्ञानात शिकलेला संदर्भाचा परिणाम मी तिथं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला, आणि वाक्य कुठं सोडायचं हे ठरवायला शिकले.' यात आवडही आहे, निरीक्षणही आहे आणि डिग्रीचा धागाही आहे.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे भाषाशिक्षक का नाही, थेरपिस्टच का. उत्तर तयार ठेवा, आणि ते शिक्षकांना कमी लेखणारं नको. दुसरा, गिळण्याच्या कामाबद्दल काय माहिती आहे. इथं पहिल्या पायरीवर पाहिलेलं उपयोगी पडतं, मी स्वतः ते न बघता पहिल्या मुलाखतीला गेले आणि या प्रश्नाला ततपप झालं, त्या वर्षी प्रवेश गेला. कधीकधी एखादी क्लिप ऐकवून उच्चार लिहायला सांगतात. आणि गटचर्चा असेल तर तुम्ही किती बोलता यापेक्षा दुसऱ्याला किती बोलू देता हे बघत असतात.

पायरी ७: कोर्स सुरू झाल्यावर सवयी मोडा

भाषावाल्यांना दोन सवयी सोडाव्या लागतात. पहिली, चूक दुरुस्त करायची. मूल 'ताता आला' म्हणालं तर 'ताता नाही, काका म्हण' असं नाही, 'हो, काका आला, काका बसला, काकानं बूट काढले', असं बरोबर रूप त्याच्या कानावर परत परत पडू द्यायचं. दुसरी सवय शांतता भरायची. आपल्याला शब्द सापडायला वेळ लागत नाही म्हणून समोरच्याचा वेळ आपल्याला सोसत नाही.

अफेजिया असलेल्या एका काकांसमोर मी चष्म्याचं चित्र धरलं. त्यांचे ओठ हलले, थांबले, हात डोळ्यांपाशी गेला. मी पहिल्या अक्षराची हिंट द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी टेबलाखालून माझ्या गुडघ्याला हात लावला. मी मनात आकडे मोजायला लागले. बारापर्यंत आले तेव्हा काका म्हणाले, 'नाकावरचा... चष्मा.' त्यांच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी चारला बोलले असते तर तो शब्द माझा झाला असता, त्यांचा नाही. त्या दिवसापासून दहा मोजल्याशिवाय मी हिंट देत नाही.

अभ्यासात पहिले तीन महिने शरीरशास्त्रानं दमछाक होते, विज्ञानाकडून आलेले पुढे असतात. मग ध्वनिविज्ञान आणि व्याकरण सुरू होतं आणि तेच लोक तुमच्याकडे वही घेऊन येतात. त्यांना शिकवा, त्यांच्याकडून शिका, अभ्यासाचा गट असाच मिसळून करा.

थेरपिस्टचं दार बंदच असेल तर

बारावी आर्ट्स आहे, परदेशी जाणं शक्य नाही, तर काय? विशेष शिक्षणाचा बी.एड. पदवीधरांसाठी असतो, त्यात श्रवणदोष हा स्वतंत्र विभाग आहे, आणि ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर भाषेचंच काम आहे. सांकेतिक भाषेचा दुभाषा होता येतं, दिल्लीला २०१५ पासून त्यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. भाषाविज्ञानात पुढे शिकून क्लिनिकल लिंग्विस्टिक्समध्ये, म्हणजे भाषेच्या अडचणींच्या अभ्यासात, संशोधन करता येतं, आणि आपल्या भाषांसाठी टेस्ट, शब्दयाद्या, मुलांच्या बोलण्याचे नमुने तयार करायला भाषा कळणारी माणसं लागतातच. संवादासाठीची ॲप्स आणि बोलणारे टॅब्लेट बनवतात तिथंही मराठीचं सामान्यरूप बटणावर कसं बसवायचं हे कळणारं कोणीतरी हवंच असतं. ही कामं थेरपिस्टच्या खालची वगैरे अजिबात नाहीत.

आणि आजपासून करता येण्यासारखं एक

ओळखीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलाच्या पालकांची परवानगी घ्या, मूल खेळत असताना दहा मिनिटं रेकॉर्ड करा. प्रश्न विचारत सुटू नका, शेजारी बसून खेळा. घरी येऊन मुलाची पन्नास वाक्यं जशी ऐकू आली तशी लिहा, सुधारून नाही. प्रत्येक वाक्यात किती शब्द ते मोजा आणि सरासरी काढा. मग क्रियापदांची रूपं वेगळी काढा, सामान्यरूपं वेगळी, बदललेले ध्वनी वेगळे, आणि त्यात एखादा नियम दिसतो का ते शोधा. दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग कालचा कागद न बघता परत ऐकून परत लिहा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथं जिथं फरक आहे, तिथं तुम्ही कानानं न ऐकता मनानं लिहिलंय. ते शब्द लाल पेनानं गोल करा आणि तेवढेच तिसऱ्यांदा ऐका. मग रेकॉर्डिंग पुसून टाका.